तोंडवलीचं जड पान

मालवणच्या बाजारपेठेत माझं दुकान होतं तेव्हा पाटीवर 'इंटरनेट' एवढा एकच शब्द लिहिला होता. सुरुवातीला लोक पाटी वाचून आत येत आणि विचारत, "हंय काय गावता?" मी म्हणायचो, "सगळा." मग ते खुर्ची ओढून बसत आणि म्हणत, "दाखव मगे." १९९८ चा तो काळ. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं. ती तार आधी कुंथायची, मग किंचाळायची आणि मग बऱ्याचदा गप्प व्हायची. एक पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक समोरच्या हॉटेलात चहा पिऊन परत येई. कुणाची तक्रार नसे. पान उघडलं यातच लोकांना धन्य वाटायचं.

पुढे तारकर्ली-देवबागकडे पर्यटक येऊ लागले. माडांच्या बागेत ज्याने त्याने दोन-दोन खोल्या बांधल्या आणि मी इंटरनेट दाखवण्याचा धंदा कमी करून त्यांच्या वेबसाइटी बनवायला लागलो. वेबसाइट म्हणजे तुमची जगात लावलेली पाटी, असं मी गिऱ्हाइकाला सांगत असे. पाटी लावणं सोपं असतं. ती लोकांना दिसेल अशा जागी लावणं अवघड, आणि खरा धंदा तोच. पुण्याचा माणूस शोधयंत्रात 'मालवण राहण्याची सोय' असं लिहितो, तेव्हा जी नावं वर येतात त्यांना फोन जातात. खाली पडलेल्यांच्या खोल्या कितीही स्वच्छ असोत, त्यांत झुरळं नांदतात.

वर यायचं कसं, हे कुणालाच पुरतं माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. जे ठाऊक होतं ते एवढंच: शोधयंत्राचा एक न दिसणारा वाचक असतो, तो जगातली पानं वाचत हिंडतो. तो शब्द वाचतो. तुमचं पान कुणी दुसऱ्याने आपल्या पानावरून दाखवलं आहे का, ते बघतो. फोटोतला समुद्र त्याला दिसत नाही, गाणं ऐकू येत नाही. ही साधी गोष्ट गिऱ्हाइकाच्या गळी उतरवताना माझे केस पांढरे झाले.

तारकर्लीच्या एका लॉजवाल्यांसाठी मी एक साइट केली होती. उघडताना आधी माड डुलायचा, लाटांचा आवाज यायचा, मग सूर्य बुडायचा आणि त्यानंतर 'आत या' अशी अक्षरं यायची. मला तेव्हा तिचा फार अभिमान होता. मालक रोज संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन स्वतःची साइट उघडून बघत आणि खूश होऊन जात. फोन मात्र येईनात. एके दिवशी ते वैतागले, "अरे, एवढा भराभर उघडता, मगे लोकांका काय झाला?" त्यांना सांगावं लागलं की रोज इथेच उघडून उघडून ते पान या मशीनमध्ये मुरलंय, म्हणून भराभर उघडतं. पुण्यातल्या माणसाच्या घरी माड अजून डुलतोच आहे. तो माणूस वाट बघत नाही, मागे फिरतो आणि दुसऱ्याच्या दारात जातो.

दुसरे एक तळेऱ्याचे. तळेरे म्हणजे हायवेवरचा नाका, तिथून देवगड-विजयदुर्गाकडे रस्ता फुटतो. समुद्र कुठल्या कुठे. पण या गृहस्थांना कुणीतरी शिकवलं की पानावर 'तारकर्ली' हा शब्द भरपूर वेळा लिहिला की यंत्र फसतं. यांनी माणसाला दिसू नये म्हणून पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तो ओळीच्या ओळी लिहून काढला. यंत्र थोडे दिवस फसलंही. कोल्हापूरचं एक कुटुंब पोहायच्या कपड्यांची पिशवी घेऊन उतरलं आणि विचारू लागलं, समुद्र कुठे आहे. यांनी शांतपणे रस्त्याकडे बोट केलं, "ह्या वाटेन सरळ." पुढे यंत्राला लबाडी कळली आणि त्यांचं पान जे तळाला गेलं ते परत दिसलं नाही. ते गृहस्थ मला मात्र अजून भेटतात, आणि दोष माझ्या दुकानालाच देतात.

हे सगळं सांगितलं ते तोंडवलीच्या शालनवहिनींच्या पानाची गोष्ट सांगण्यासाठी.

तोंडवली मालवण तालुक्यातच, किनाऱ्यावरचं गाव. वहिनींच्या नवऱ्याची होडी होती, त्या स्वतः मासे विकत. माडाच्या बागेत त्यांनी पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आणि माझ्याकडे साइट करायला आल्या. येताना फोटोंचा गठ्ठा घेऊन आल्या. खोल्यांचे, बागेचे, सोलकढीचे, हे ठीक. पण त्याखाली घरातल्या सगळ्या माणसांचे फोटो होते. दीर, चुलत दीर, मुंबईतले, बडोद्यातले, सगळे. मी म्हटलं, "वहिनी, पावण्यांका ह्यांचा काय काम?"

"माझ्या एकटीचा घर नाय ह्या, भावजी," त्या म्हणाल्या. "जमीन सामायिक आसा. एकाचो जरी फोटो ऱ्हवलो तरी तो दुसऱ्या दिवशी बागेक तार मारतलो."

तार मारणं म्हणजे कुंपण घालून वाट अडवणं; कोकणातल्या माणसाला याच्यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. मी सगळे फोटो बारीक करून ओळीने लावले. पण घरात सर्वांत वडील वहिनींचे चुलत सासरे होते, सहदेव आबा. त्यांनी मला घरी बोलावून घेतलं. त्यांच्या हातात एक जुना फोटो होता: रापण ओढणारी सगळी माणसं किनाऱ्यावर दाटीने उभी, आणि कोपऱ्यात एक हसरा तरुण.

"ह्या तुझा पान जगभर दिसता मा?"

"दिसता, आबानूं."

"मगे ह्यो माझो धाकटो भाव, विश्राम. ह्येका मोठो करून लाव. खंय आसात तर बघीत."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. दोन्ही बाजूंचे दोर गावाने मिळून ओढायचे असतात. एकाने हात सोडला तर जाळं उघडं पडून मासळी निसटते. विश्रामच्या हातून दोर सुटला. आबांनी साऱ्या रापणीसमोर भावाच्या थोबाडीत मारली. तो तसाच ओल्या कपड्यांनी चालू पडला. तळेऱ्याच्या नाक्यावर तो कुणालातरी दिसला होता, पण गोव्याच्या ट्रकात चढला की मुंबईच्या, ते सांगणाऱ्याला आठवत नव्हतं. त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती.

"दोरान हात कापल्लो तेचो," आबा म्हणाले. "माका मागसून समाजला."

मी त्यांना सुचवलं की फोटो थोडा लहान लावू, पान हलकं राहील. आबांनी मान हलवली. "अंगठ्याएवढो लावलंस तर कोण वळखतलो?" तेही खरंच होतं. घोळक्यातला चेहरा, लहान केला की नुसता डाग दिसायचा. म्हणून तो मोठा, जसाच्या तसा, अगदी वर लावला. वहिनींचं पान त्या एका फोटोने असं जड झालं की बारक्या नळाखाली हंडा लावून बसावं तसं वाट बघत बसावं लागे.

त्या हंगामात वहिनींच्या खोल्या रिकाम्या राहिल्या. शोधयंत्रात त्यांचं पान तिसऱ्या की चौथ्या पानावर पडलं होतं, तिथपर्यंत कुणी जात नाही. त्याच वाडीतल्या दुसऱ्या एका घरचं नाव मात्र पहिलं यायचं. मला नवल वाटलं, कारण ती साइट मी केलेली नव्हती. उघडून बघितलं तर साइट नव्हतीच. त्या घरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने फुकटात मिळणारा ब्लॉग उघडला होता. ना माड, ना लाटा. आज बांगडा कसा आला, पाहुण्यांना काय जेवू घातलं, रस्ता कुठून वळतो, असं आठवड्याला चार ओळी लिहायची.

मी तो ब्लॉग नीट तपासला, तेव्हा आपल्या धंद्याचं काय होणार ते कळलं. असा ब्लॉग मोठ्या कंपनीच्या दणकट मशीनवर असतो, तो चटकन उघडतो. आमच्या साइटी आम्ही स्वस्तातल्या भाड्याच्या मशीनवर ठेवायचो, तिथे शेकडो साइटी चाळीतल्या बिऱ्हाडांसारख्या एकाच नळावर. ब्लॉगवर प्रत्येक नोंदीला स्वतःचा पत्ता मिळतो, नवीन लिहिलं की शोधयंत्राचा वाचक लवकर फिरकतो, आणि येणारा-जाणारा खाली आपलं मत लिहून जातो. शिवाय ती मुलगी नव्या पद्धतीच्या मराठी अक्षरांत लिहीत होती, जी यंत्राला कळतात. आम्ही जुन्या फॉन्टात मराठी लिहायचो, ते आपल्याला मराठी दिसे आणि यंत्राला नुसती रांगोळी. एका पोरीने फुकटात केलेलं काम माझ्या पैसे घेऊन केलेल्या कामापेक्षा सरस होतं. वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगू, थोडी मजाही वाटली.

मी वहिनींना म्हटलं, पानावरचे फोटो काढून टाकावे लागतील. त्या म्हणाल्या, "आबांका तुम्ही सांगा." आबांना सांगायची माझी छाती होईना. तो फोटो काढा म्हणणं म्हणजे भावाला शोधू नका म्हणण्यासारखं होतं.

तेवढ्यात नारळी पौर्णिमा आली. पावसानंतर होड्या समुद्रात जाण्याआधी दर्याला नारळ देतात. वहिनींनी मला जेवायला बोलावलं होतं. दर्यावर निघण्याआधी आबांनी अंगणात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे देवाशी बोलायची ही रीत आहे. घरातल्या वडील माणसाने देवाला मोठ्याने सगळं सांगायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. आबांनी आधी मूळपुरुष आणि गेलेले पूर्वज, त्यांची नावं घेतली. मग घरातली, मुंबईची, बडोद्याची जिवंत माणसं एकेक करून घेतली. आणि शेवटी म्हणाले, "आणि खंय आसात थंय माझो भाव विश्राम, तेका बरो ठेव." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

जेवण झाल्यावर मी धीर केला. "आबानूं, गाऱ्हाण्याक तुम्ही देवाक फोटो दाखवतास?"

"फोटो कित्याक? नाव सांगलंय."

"मगे ह्या यंत्राचाय तसाच. तेका फोटो दिसणा नाय. विश्रामकाकांचो चेहरो लावलो, पण नाव मातर पानावर खंयच नाय. तेंचा नाव कोणी लिवन शोधल्यान तरी तुमचा पान वर येवचा नाय."

आबा विचारात पडले. "पण तो आपलाच नाव कशाक शोधतलो?"

हे मात्र मला पक्कं ठाऊक होतं. दुकानात शिकायला येणारा प्रत्येक माणूस, मग तो वकील असो की होडीवाला, यंत्रात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहून बघायचा. मग हळूच दुसरं एखादं नाव, जे तो मला सांगत नसे. मी आबांना तेवढंच सांगितलं.

तिथे वहिनींचे चुलत दीर मधूभाऊ बसले होते. मुंबईतल्या गिरणीतून निवृत्त होऊन गावी राहायला आलेले. ते म्हणाले, "गेललो तो गेलो, आबानूं. फोटो होतो तवसर ठीक होता. नाव लिवलास तर उद्या कोणतरी उठान येतलो नि हिस्सो मागतलो."

आबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "लिव."

मी वहिनींसाठी ब्लॉग उघडला. माणसांचे फोटो एकजात काढून टाकले आणि त्या जागी गाऱ्हाण्यातल्यासारख्या दोन ओळी लिहिल्या. वरच्या ओळीत या घरचे पूर्वज, खालच्या ओळीत आज हयात असलेली माणसं. खालच्या ओळीत शेवटी 'विश्राम लाडू तोंडवळकर'. मराठीत, आणि खाली इंग्रजी अक्षरांतही, कारण कुठल्या मुलखात कोण कुठल्या अक्षरांत शोधेल सांगता येत नाही. फोटो काढल्याबद्दल कुणीही तार मारली नाही. नाव पहिलं कुणाचं यावर थोडी कुरबूर झाली, ती वयाने मिटवली. नोंदी वहिनी सांगायच्या आणि मी लिहायचो. त्यांच्या तिसऱ्याच नोंदीत वाटपातली, म्हणजे वाटलेल्या ओल्या खोबऱ्यातली, कालवं कशी होतात ते आलं आणि फोन वाजू लागले. फोटो बघून नव्हे, फोटो गेले म्हणून खोल्या भरल्या, हे वहिनींना शेवटपर्यंत चमत्कारिक वाटत राहिलं.

पुढे २०१० मध्ये शोधयंत्रवाल्यांनी उघडच सांगितलं की पान किती वेगाने उघडतं तेही आम्ही आता क्रम लावताना धरतो. माझे व्यवसायबंधू धावपळ करू लागले. तोंडवलीच्या पानाला मला काहीच करावं लागलं नाही. अर्थात, वेगाचा वाटा केवढा आणि वहिनींच्या कालवांचा केवढा, हे मला विचाराल तर कालवांकडे माझं झुकतं माप आहे.

आबांना खोल्यांशी देणंघेणं नव्हतं. मी गेलो की ते एकच विचारत, "कोण इलो काय रे?" मी नाही म्हणायचो. ते "बरा" म्हणून जाळ्याची भोकं शिवायला परत बसत. पुढे पुढे मला तिकडे जायचं जिवावर येऊ लागलं.

आणि एके सकाळी दुकान उघडल्यावर ब्लॉगवर एक निरोप आलेला दिसला. भाषा हिंदी, अक्षरं इंग्रजी. लिहिणारी गुजरातेतल्या वेरावळची, नाव रेवती. ती एका कार्यालयात नव्यानेच कॉम्प्युटरवर बसू लागली होती. तिने आधी स्वतःचं नाव शोधलं, मग बाबांचं. बाबांचं नाव सगळ्या जगात एकाच पानावर निघालं. तिने लिहिलं होतं, हे माझे वडील असतील तर गेल्या दिवाळीच्या आधी ते वारले. इथल्या बंदरात होड्यांवर होते. आपलं गाव त्यांनी कधी सांगितलं नाही. होडी धक्क्याला लावताना दोर दुसऱ्याने धरला तरी ते आपला हात सोडत नसत, लोक त्यांना हसायचे. मला काही नको आहे, ते कुठले होते तेवढं सांगा.

मी दुकान बंद केलं आणि लॅपटॉप घेऊन तोंडवलीला गेलो.

आबा ओट्यावर होते. मी निरोप आधी हिंदीत वाचला, मग मालवणीत सांगितला.   आबा म्हणाले, "म्हणजे औंदा नारळाक मी तेका बरो ठेव म्हणान सांगलंय, तेवा तो नव्हतोच." आणि ते रडले. भोवती माणसं होती, पण त्यांनी तोंड लपवलं नाही. वहिनी त्यांच्या पायाशी बसून राहिल्या.

थोड्या वेळाने त्यांनी पंच्याने डोळे पुसले. "तुझा मशीन चालू आसा?"

तोंडवलीत तेव्हा इंटरनेटची रेंज जमिनीलगत नसायची. डोंगलला लांब वायर जोडून तो कुणीतरी हातात उंच धरून उभं राहावं लागे. त्या दिवशी ते काम मधूभाऊंकडे आलं होतं. ओट्याच्या पायरीवर उभे राहून त्यांनी डोंगल डोक्यावर धरला. पान लगेच उघडलं.

"विश्रामाचा नाव खालच्या वळीतसून काढ," आबा म्हणाले. "वरच्या वळीत घाल, बापाशीच्या नावामागे."

मी ते नाव उचललं आणि वर ठेवलं. या धंद्यात मी हजारो शब्द इकडचे तिकडे केले असतील, पण बोट असं जड कधी झालं नव्हतं.

"आता चेडवाचा नाव. काय म्हणालंस?"

"रेवती."

"ता खालच्या वळीत घाल. तेच्या जाग्यार."

मधूभाऊंचा हात तसाच वर होता. ते हळूच म्हणाले, "आबानूं, तिचा नाव ह्या वळीत घातलास म्हणजे तिका हिस्सो दिलास."

"हिस्सो तिचो आसाच, मधू," आबा म्हणाले. "नाव तेवढा ऱ्हवला होता."

मी नाव लिहिलं आणि बदल पाठवायची कळ दाबली. तेवढ्यात रेंज गेली. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. मधूभाऊंनी हात खाली घेतला असता तर ते काम त्या दिवशी तिथेच थांबलं असतं, आणि ते त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं. त्यांनी आबांकडे बघितलं, मग ओट्याच्या कठड्यावर चढले, आणि हात आणखी वर केला.